असईच्या रणभूमीवरील श्रोते

लेखन कसे करावे, भाषण कसे करावे, पत्र कसे लिहावे, यांविषयी मार्गदर्शन करणाऱ्या पुस्तकांची आपल्या भाषेत वाण नाही. वक्तृत्वाच्या स्पर्धा गावोगाव होतात आणि विजयी वक्त्याला टाळ्यांच्या गजरात ढाल अर्पण केली जाते. उत्तम श्रोत्याला मात्र कोणी बक्षीस दिल्याचे कधी कानावर आलेले नाही. ऐकणे हे श्वासोच्छ्वासासारखे आपोआप घडणारे कृत्य आहे, कान शाबूत असले म्हणजे पुरे, अशी आपली सर्वसाधारण समजूत आहे. आपल्या पूर्वजांची समजूत निराळी होती. नवविधा भक्तीत त्यांनी पहिला मान श्रवणाला दिला. ज्ञानाच्या मार्गावर श्रवण, मनन आणि निदिध्यासन असा क्रम लावला. समर्थांनीही दासबोधाच्या चौथ्या दशकाचा आरंभ श्रवणभक्तीनेच केला. परमार्थात जी पायरी पहिली, ती प्रपंचात आपण गाळूनच टाकली आहे. तिची किंमत किती मोठी असते, हे दाखविण्यास उपदेशापेक्षा इतिहास अधिक उपयोगी पडेल असे वाटल्यावरून हा लेखनप्रपंच केला आहे.

लढायांचा इतिहास लिहिताना आपण तोफा मोजतो, पलटणी मोजतो, सेनापतींचे गुणदोष तोलतो. एखादी लढाई कानांच्या बाजूने पाहण्याचा प्रघात मात्र नाही. तशी ती पाहावयाची झाल्यास जालना जिल्ह्यातील जाफराबादच्या परिसराइतके योग्य ठिकाण महाराष्ट्रात क्वचितच सापडेल. १८०३ च्या सप्टेंबर महिन्यात दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांच्या संयुक्त फौजेचा तळ भोकरदनपासून जाफराबादच्या बाजूस पसरलेला होता. या दोन गावांच्या दरम्यान, खेळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात, असई हे खेडे आहे. तेथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी जी लढाई झाली, तिने दक्षिणेतील मराठी सत्तेचे भवितव्य बहुतांशी ठरवून टाकले. इंग्रजांचा सेनापती होता जनरल आर्थर वेलस्ली. वॉटर्लूच्या रणांगणावर १८१५ साली नेपोलियनचा पराभव करणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन तो हाच.

प्रथम लढाईच्या आदल्या महिन्यातील एक प्रसंग पाहू. शिंद्यांच्या दरबारी इंग्रजांचा वकील कर्नल जॉन कॉलिन्स हा होता. वाटाघाटी फिसकटल्यावर ऑगस्टच्या आरंभी त्याने शिंद्यांची छावणी सोडली आणि तो औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, येऊन राहिला. वेलस्लीने १२ ऑगस्टला अहमदनगरचा किल्ला घेतला होता; महिनाअखेर तोही औरंगाबादेस पोहोचला आणि दोघांची भेट झाली. कॉलिन्स हा शरीराने ठेंगणा आणि पोशाखाने जुन्या वळणाचा गृहस्थ होता. त्याचा तो जुनाट लष्करी कोट, डोक्यावरील पावडर लावलेला केसांचा टोप आणि पिसे खोवलेली टोपी पाहून वेलस्लीबरोबरच्या तरुण अधिकाऱ्यांना हसू आवरेना. या गृहस्थाने भेटीच्या ओघात सेनापतीला एक इशारा दिला. मराठ्यांचे घोडदळ तुम्ही वाटेल तेथे उधळून लावाल. पण शिंद्यांचे पायदळ आणि तोफा पाहून तुम्ही थक्क व्हाल, असा त्याचा आशय होता. मंडळी परत निघाली ती वाटेत त्या ठेंगण्या वकिलाची थट्टा करीत. त्या मंडळींपैकी जॉन ब्लॅकिस्टन या तरुण अधिकाऱ्याने पुढे आपल्या आठवणींत ही हकीकत लिहून ठेवली आणि त्या बोलाचा खरेपणा आपल्याला तेव्हा उमगला नव्हता, हेही नमूद केले.

कॉलिन्स दरबारी वकील या नात्याने शिंद्यांच्या छावणीत राहून आला होता. कवायती पलटणींची शिस्त आणि तोफखान्याची जोपासना त्याने डोळ्यांनी पाहिली होती. त्या घटकेस इंग्रजांच्या बाजूला त्याच्याइतका जाणता साक्षीदार मिळणे कठीण होते. तथापि श्रोत्यांचे लक्ष साक्षीकडे नव्हते, साक्षीदाराच्या टोपीकडे होते. श्रवणाचा हा पहिला दोष, आणि तो फार सार्वत्रिक आहे. बोलणाऱ्याचे वय, वेष, उच्चार, जात, शिक्षण यांवरून त्याच्या बोलण्याचे मोल आपण तो तोंड उघडण्यापूर्वीच ठरवून ठेवतो. मग कानांवर शब्द पडतात, पण आत शिरावयास त्यांना दरवाजा उघडा नसतो.

दुसरा प्रसंग याहून बोधप्रद आहे. २१ सप्टेंबरला बदनापूर येथे वेलस्ली आणि कर्नल स्टीव्हन्सन यांची भेट झाली. मधल्या डोंगरांना वळसा घालून दोघांनी दोन वाटांनी, स्टीव्हन्सनने पश्चिमेकडून आणि वेलस्लीने जालन्याच्या बाजूने पूर्वेकडून, जावे आणि २४ तारखेस एकत्र होऊन शत्रूवर हल्ला करावा, असा बेत ठरला. शत्रू कोठे आहे, याची बातमी हरकाऱ्यांनी आणली होती. शत्रू भोकरदनास आहे, असे ते म्हणाले. वेलस्लीने नकाशावर भोकरदन पाहिले, अंतर मोजले आणि कूच केले. २३ तारखेस सकाळची मजल मारून तो नळणीच्या मुक्कामी पोहोचतो तो शत्रूचा तळ अपेक्षेपेक्षा पुष्कळ जवळ, सुमारे सहा मैलांवरच, आहे असे त्याला कळून आले.

हरकारे फितूर झाले होते काय? मुळीच नाही. ही चूक कशी झाली, याचा खुलासा खुद्द वेलस्लीनेच काही आठवड्यांनी टॉमस मन्रो यास लिहिलेल्या पत्रात केला आहे. शत्रूची उजवी बगल खरोखरीच भोकरदनास होती, आणि भोवतालचा सर्व मुलूख त्या मुख्य ठिकाणाच्या नावाने ओळखला जात होता. परंतु डावी बगल, म्हणजे ज्या पायदळावर हल्ला करावयाचा होता ते पायदळ, भोकरदनापासून सहा-आठ मैल दूर असईजवळ होते. हरकारा भोकरदन म्हणाला तेव्हा त्याच्या मनात परगणा होता. सेनापतीने भोकरदन ऐकले तेव्हा त्याच्या मनात नकाशावरचा ठिपका होता. बोलणाऱ्याने खरे सांगितले, ऐकणाऱ्याने अक्षर न् अक्षर ऐकले, आणि तरीही दोघांच्या दरम्यान सहा-आठ मैलांचे अंतर राहून गेले!

आपल्याकडे ‘ध’चा ‘मा’ करणे असा वाक्प्रचार आहे. नारायणराव पेशव्यांच्या १७७३ सालच्या वधाशी निगडित असलेल्या या आख्यायिकेत हुकमातील ‘धरावे’ या शब्दाचे ‘मारावे’ करणारा एक दुष्ट हात आहे. त्यामुळे गैरसमज म्हटला की त्याच्या मागे कोणीतरी कपटी मनुष्य असलाच पाहिजे, अशी आपली भावना होते. भोकरदनच्या प्रकरणात कोणाचेच कपट नव्हते. एकच शब्द दोन मनांत दोन अर्थांनी वसत होता, आणि ‘भोकरदन म्हणजे नेमके कोठे?’ हा साधा दुसरा प्रश्न कूच करण्यापूर्वी कोणी विचारला नव्हता. माझ्या मते जगातील बहुतेक गैरसमजांची जात हीच. बहिरेपणाने जितके अनर्थ होतात त्याहून कितीतरी अधिक ‘समजले, समजले’ या खात्रीने होतात.

नळणीहून मागे फिरावे किंवा स्टीव्हन्सनची वाट पाहावी, तर शत्रूचे घोडदळ अंगावर येण्याचा धोका. शिवाय शत्रू निसटून जाण्याचा संभव. वेलस्लीने तत्काळ लढण्याचे ठरविले. शत्रूच्या आघाडीवर खेळणा नदी होती. तिला डाव्या बगलेच्या पलीकडे उतार आहे काय, असे वाटाड्यांना विचारता त्यांनी नाही म्हणून निक्षून सांगितले. वेलस्लीने दुर्बिणीतून पाहिले. नदीच्या दोन्ही तीरांवर पिंपळगाव आणि वरूड ही दोन गावे अगदी समोरासमोर वसलेली त्याला दिसली. इतकी जवळजवळ वसलेली गावे एकमेकांकडे ये-जा केल्यावाचून राहतील कशी, असे त्याच्या मनात आले आणि त्याने तेथे शोध करविला. उतार होता! त्याच उताराने त्याचे सैन्य पार झाले. वॉटर्लू जिंकल्यावरही असई हेच आपल्या हातून झालेले सर्वोत्तम युद्धकर्म, असे तो मानीत असे.

येथे चतुर वाचक आक्षेप घेईल की, ऐकण्याचा महिमा सांगता सांगता लेखकाने न ऐकल्याचेच फळ गोड असल्याचे उदाहरण दिले. परंतु ‘ऐकावे जनाचे, करावे मनाचे’ ही आपली म्हण नीट पाहावी. तिचे दुसरे अर्धे पुष्कळांना पाठ असते. पहिले अर्धे मात्र ते दुसऱ्याच्या प्रस्तावनेसारखे घाईने उरकतात. वेलस्लीने वाटाड्यांचे उत्तर कानांआड केले नाही. ते ऐकून घेतले, डोळ्यांना दिसलेल्या गोष्टीशी ताडून पाहिले, दोहोंत विरोध दिसला तेव्हा तिसरी चौकशी केली आणि मग पाऊल टाकले. हेच मनन. श्रवणानंतर मननाचा क्रम लावणाऱ्यांना हे पुरते ठाऊक होते. ऐकणे म्हणजे मान डोलविणे नव्हे. नकाशावरच्या भोकरदनाच्या बाबतीत जी दक्षता सुटली होती, ती त्याच मनुष्याने काही तासांच्या आत खेळणेच्या काठी दाखविली. याचा अर्थ असा की, चांगला श्रोता हा जन्मतःच तसा असतो असे नाही. एकच मनुष्य सकाळी वाईट आणि दुपारी उत्तम श्रोता होऊ शकतो.

तिसरा प्रसंग प्रत्यक्ष रणधुमाळीतील आहे. इंग्रज सैन्य नदी उतरून बेचक्यात येताच शिंद्यांच्या कवायती पलटणींनी आपली फळी फिरवून तिचे तोंड त्यांच्याकडे केले. अँथनी पोहलमन या हानोव्हेरियन सरदाराच्या हाताखालील या पलटणींची ती हालचाल पाहून वेलस्लीही चकित झाला. असई गावाभोवती तोफांची दाटी झाली. वेलस्लीच्या उजव्या टोकाला लेफ्टनंट कर्नल ऑरॉक याच्या हाताखाली पहाऱ्याच्या तुकड्या होत्या. उजवीकडे सरकून मागच्या फळीला जागा करून द्यावी, मात्र गावाच्या माऱ्याच्या टप्प्याबाहेर राहावे, असे त्याला सांगण्यात आले होते. हुकमाची अर्धी बाजू पाळली गेली, अर्धी हवेत विरली. ऑरॉक सरळ असईच्या तोंडावर चालून गेला आणि त्याच्या मागोमाग ७४ वी गोरी पलटणही गेली. त्या एका पलटणीचे सुमारे ४०० लोक ठार किंवा जखमी झाले. इंग्रजांकडील त्या दिवसाची एकूण हानी ४२८ मृत आणि १,१३८ जखमी अशी नोंदलेली आहे. तिच्यातील फार मोठा वाटा या एका गफलतीचा होता.

आपल्यालाही हा अनुभव रोजचा आहे. ‘बाजारातून भाजी आण, पण वांगी आणू नकोस,’ असे सांगावे आणि पिशवीतून नेमकी वांगीच निघावीत! वाक्याचा पहिला भाग कानांवर पडला की आपले मन कामाला लागते. ‘पण’ या शब्दानंतरचे ऐकावयास ते जागेवर असतच नाही. आणि बहुधा वाक्याचे सर्व मर्म त्या ‘पण’च्या पुढेच असते. वेलस्लीने ऑरॉकच्या चुकीबद्दल खेद व्यक्त केला, तरी त्याच्यावर ठपका ठेवण्याचे टाळले आणि त्याच्या धैर्याची वाखाणणी केली. यात औदार्य होतेच. परंतु सांगणाऱ्याचाही या व्यवहारात अर्धा वाटा असतो, ही जाणीव त्यात असावी असे समजण्यास हरकत नाही.

आतापर्यंत मी जिंकलेल्या पक्षाचे श्रवणदोष सांगितले. आपल्या पक्षाचे सांगितल्यावाचून लेख पुरा करणे हे अप्रामाणिकपणाचे होईल. इंग्रजांच्या कानांनी केलेल्या चुकांची किंमत त्यांनी रक्ताने भरली आणि तरी लढाई जिंकली. आपल्या कानांच्या चुकांची किंमत राज्याने भरावी लागली. असईचे बीज शोधावयाचे तर दोन वर्षे मागे पुण्यास जावे लागते. १८०१ साली दुसऱ्या बाजीरावाच्या आज्ञेने विठोजी होळकरास पुण्यात हत्तीच्या पायी देण्यात आले. त्याचा भाऊ यशवंतराव होळकर दक्षिणेत चालून आला तेव्हा त्याच्या मागण्या होत्या. शिंद्यांच्या कैदेत पडलेला पुतण्या खंडेराव याची सुटका ही त्यांतील एक प्रमुख. त्याच्या वर्तनात क्रौर्य होते, त्याच्या फौजेने मुलूख लुटला, हे सर्व खरे. तथापि त्याच्या गाऱ्हाण्यात गाऱ्हाणे म्हणून काही तथ्य आहे किंवा नाही, हे शांतपणे ऐकून घेणारा पुण्यात कोणी उरला नव्हता. दरबारोदरबारी वकील आणि बातमीदार ठेवून साऱ्या हिंदुस्थानचे बोलणे पुण्यात बसून ऐकणारे नाना फडणीस १३ मार्च १८०० रोजी निवर्तले होते. नानांचे अनेक दोष इतिहासकारांनी दाखविले आहेत. परंतु त्यांच्या मागे पेशवाईचा कानच गेला, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

परिणाम ठाऊक आहे. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी पुण्याजवळ होळकरांनी शिंदे आणि पेशवे यांच्या फौजांचा पराभव केला. बाजीराव पळाला आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी त्याने वसईच्या तहाने इंग्रजांचा आश्रय पत्करला. आपल्याच सरदाराचे ऐकावयाचे नाही म्हणून परक्याची आज्ञा ऐकावयाची पाळी आली. पुढच्या वर्षी रघूजी भोसले यांनी शिंदे-होळकरांचा समेट घडविण्याची खटपट केली. पण एकमेकांच्या शब्दावरचा विश्वास उडालेला. यशवंतराव माळव्याकडे निघून गेला आणि असईच्या रणावर होळकरांचा एक स्वारही दिसला नाही. शिंद्यांच्या गोलंदाजांनी त्या दिवशी जे शौर्य गाजविले त्याची साक्ष शत्रूनेच दिली आहे. पण ९८ तोफा इंग्रजांच्या हाती पडल्या. १७ डिसेंबर १८०३ रोजी भोसल्यांनी देवगावचा आणि ३० डिसेंबरला शिंद्यांनी सुर्जी-अंजनगावचा तह केला. मग १८०४ मध्ये होळकर इंग्रजांशी लढावयास उभे राहिले, एकटे! तिघांनी एकमेकांचे ऐकले असते तर निकाल बदललाच असता, असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. पैसा, शिस्त, आरमार, एकछत्री हुकमत ही कारणेही प्रबळ होती. परंतु ज्या घरात भावाचे गाऱ्हाणे ऐकले जात नाही, त्या घराच्या भांडणाचा निवाडा शेजारी करतो, हा नियम राज्यांनाही लागू पडतो, एवढे निश्चित.

या चार प्रसंगांतून श्रवणाचे चार नियम आपोआप निघतात. पहिला, बोलणाऱ्याच्या टोपीकडे पाहू नये. घरातील धाकटी सून, दुकानातील पोऱ्या, वर्गातील मागच्या बाकावरचा विद्यार्थी, यांनी पाहिलेली गोष्ट आपण पाहिलेली नसते; त्या गोष्टीपुरते ते आपले गुरू होत. दुसरा, ऐकलेल्या नावाचा, शब्दाचा, आकड्याचा अर्थ आपल्या नकाशावरून लावू नये. सांगणाऱ्याच्या मुलखात जाऊन लावावा. मुलगा म्हणतो, ‘मला अभ्यास नको वाटतो’. वडील ऐकतात, ‘मुलगा आळशी झाला’. त्याचा ‘अभ्यास’ म्हणजे कदाचित एकच विषय असेल, एकच शिक्षक असेल, डोळ्यांना न दिसणारा फळा असेल. ‘म्हणजे नेमके काय?’ या प्रश्नाला अर्धे मिनिटही लागत नाही, आणि त्याच्या अभावी घरात वर्षानुवर्षांचा अबोला राहतो. तिसरा, हातात काम देणारे वाक्य पुरे ऐकावे, ‘पण’च्या पुढचे विशेष लक्ष देऊन ऐकावे आणि ते आपल्या शब्दांत परत म्हणून दाखवावे. जुन्या घरांत गड्याकडून निरोप पाठविताना ‘काय सांगशील ते सांग पाहू’ असे म्हणण्याची चाल होती. तिला कमीपणाची खूण समजण्याचे कारण नाही.

चौथा नियम सर्वांत अवघड आहे. ज्याच्यावर आपला राग आहे त्याचेच आधी ऐकावे. मित्राचे बोलणे ऐकण्यास कसब लागत नाही. रागाच्या भरात आपण समोरच्याचे वाक्य संपण्याची वाट पाहतो ती उत्तर देण्यासाठी. त्या वेळी कान बंद असून फक्त जिभेची तयारी चाललेली असते. आणि ऐकणे म्हणजे कबूल होणे नव्हे, हे खेळणेच्या काठी आपण पाहिलेच आहे. प्रतिपक्षाचे म्हणणे त्याला पसंत पडेल अशा शब्दांत मांडून दाखवावे आणि मग ते खुशाल खोडून काढावे. वादाची ही जुनी रीत आपल्या शास्त्रकारांनी पूर्वपक्ष या नावाने बांधून दिली आहे. पूर्वपक्ष मांडता येत नसेल तर आपण ऐकलेलेच नाही असे समजावे.

आज बातमी आणावयास हरकाऱ्याची गरज उरलेली नाही. घरातील प्रत्येकाच्या हाती मोबाईल आहे आणि सातासमुद्रांपलीकडचा शब्द क्षणात कानाशी येतो. परंतु शब्द लवकर पोहोचला म्हणजे अर्थही पोहोचला असे होत नाही. उलट त्वरेमुळे दुसरा प्रश्न विचारण्याची सवडच नाहीशी होते. जेवणाच्या पानावर चार माणसे चार दिशांना कान लावून बसलेली असली तर त्यांच्यामधले अंतर भोकरदन ते असई इतके सहज होते. ते तोडण्यास सैन्य लागत नाही, नदीला उतारही शोधावा लागत नाही. समोरच्या माणसाकडे तोंड फिरवून ‘तू म्हणालास ते मला नीट समजले नाही, पुन्हा सांग,’ एवढे म्हणण्याची तयारी लागते. ती ज्या घरात आहे, त्या घरातील गाऱ्हाणी शेजाऱ्याच्या दाराशी जात नाहीत.